खालच्या ओळीतले पत्रे

उरणला राहणाऱ्या माणसाला गंजाचं कौतुक असण्याचं काही कारण नाही. खिडकीचे गज, गॅसची शेगडी, स्कूटर, सगळं इथली खारी हवा बसल्या जागी खाऊन टाकते. दर दोन वर्षांनी ग्रिलला रंग काढायचा आणि नशिबाला बोल लावायचा, एवढाच आमचा गंजाशी संबंध. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र एक बाई अशी आहे, की जिला वाटेत गंजलेलं फाटक दिसलं तर ती थांबते, नखाने खरवडते आणि वास घेते. ती आश्लेषा.

आश्लेषा माहेरची दिवेकर, दिवेआगरची. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मी बिल्किस, तिथेच मराठी शिकवते. "बिल्किस आणि मराठी?" असं विचारणारे अजून भेटतात, त्यांना मी एखादा समास सोडवायला सांगते. माझं माहेर बोर्लीचं, म्हणजे दिवेआगरच्या शेजारचंच. म्हणून उरणात आल्यापासून आमची जोडी जमली. स्वभाव म्हणाल तर उत्तर-दक्षिण. मला तोंड आहे, तिला चिकाटी.

या चिकाटीपायी तिने चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं. विषय गंजच. दिवेआगरला कच्ची सुपारी उकळली की खाली लालकाळं पाणी उरतं. ते ज्या लोखंडी कढईत उकळतात ती काळी कुळकुळीत होते, पण गंजत नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. त्या पाण्यातल्या तुरट द्रव्यापासून पत्र्याला लावायचा लेप करायचा, असा तिचा बेत. मोठ्या वादळात दिवेआगरची कौलं उडाली तेव्हा निम्म्या गावाने घरावर पत्रे चढवले. ते पत्रे आता कडांनी झडायला लागलेत. बाजारातला चांगला रंग महाग, आणि सुपारीचं पाणी तर लोक मोरीत ओततात. लेप चालला तर गावाचं काम होईल आणि आपल्या नावामागे 'डॉ.' लागेल, असं ती म्हणायची. दुसरं वाक्य हळू म्हणायची.

अडचण अशी, की तिला भांडायला कोणी नव्हतं. संशोधन करणाऱ्याला भांडायला माणूस लागतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं. तिचे मार्गदर्शक प्रज्योत सर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, पण सदा घाईत. तिचा नवरा देवव्रत न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात. दिवसभर ट्रेलरवाल्यांशी हुज्जत घालून आलेला माणूस 'लेप' हा शब्द ऐकताच झोपायचा. मी ऐकायची, पण मला कळायचं नाही, आणि न कळता मान डोलावणाऱ्याचा तिला राग यायचा.

मग तिने एआयशी बोलायला सुरुवात केली. आमची मुलं निबंध लिहून घ्यायला जे वापरतात तेच; फरक इतकाच, की हिने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं, "मला गोड बोलायचं नाही. मी जे म्हणेन ते खोडून काढायचा प्रयत्न करायचा." याला आमच्याकडे विकतचं श्राद्ध म्हणतात. ते यंत्र मात्र इमानाने कामाला लागलं. लेपाला तडे जात होते तेव्हा ती म्हणाली दोष लेपात घातलेल्या राळेचा आहे. ते म्हणालं, वाळवता कुठे? ती म्हणाली गच्चीवर. ते म्हणालं, मग राळेला फाशी देण्याआधी एकदा सावलीत वाळवून बघा. तडे थांबले. कधी ते चुकायचं, मग ही लढाई जिंकल्यासारखी स्टाफरूमभर सांगत सुटायची. आम्ही चिडवायचो, "घरी 'हे' आणि कॉलेजात 'ते'! आज काय म्हणताहेत तुमचे 'ते'?" ती हसायची नाही. तिचं लक्षच नसायचं.

खरी परीक्षा दिवेआगरला होती. माहेरच्या वाडीत, समुद्राच्या बाजूला, तिने एक लोखंडी घोडा, म्हणजे आडव्या दांड्यांची चौकट, उभा केला. त्याला चार ओळी, ओळीत तळहाताएवढे पत्रे टांगलेले. वरच्या दोन ओळींत काही कोरे पत्रे, काही बाजारातला स्वस्त रंग दिलेले. खालच्या दोन ओळींत तिच्या लेपाचे. खाली वाळू उडते, शिंपण्याचा ओलावा असतो, म्हणून मुद्दाम आपले पत्रे तिथे ठेवले. उद्या कोणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःच्या लेकराला सावलीत बसवलं. खालच्या ओळीत फक्त एक पत्रा कोरा टांगला, साक्षीदार म्हणून. गणपती झाल्यावर घोडा उभा राहिला आणि होळी झाल्यावर पत्रे उतरवून उरणला आणले.

निकाल बघून मलासुद्धा आनंद झाला. वरचे पत्रे खरजेसारखे फुललेले. खालचे जवळजवळ जसेच्या तसे. प्रज्योत सर खूष झाले, लगेच शोधनिबंध पाठवू म्हणाले. तिची मुदत आधीच दोनदा वाढवून झाली होती, जूनमध्ये ती कायमची संपणार होती, त्यामुळे प्रबंधही तयार करा म्हणाले. स्टाफरूममध्ये तिला 'डॉक्टर' म्हणणं सुरू झालं. प्राचार्यांनी तर सभेत जाहीर करून टाकलं. आमच्याकडे बारशाआधी पेढे वाटायची हौस फार.

एकच खोट होती. खालच्या ओळीतला तो एकटा कोरा पत्राही स्वच्छ निघाला होता.

"लेपाचा एखादा थेंब उडाला असेल त्याच्यावर," प्रज्योत सर म्हणाले. "एक पत्रा बाजूला काढा. सगळेच काढतात, मॅडम."

तिने काढला. त्याचं कारण एका ओळीत लिहिलं. मग सगळे आकडे आणि फोटो एआयला दिले आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, खोडून काढ. मी शेजारी बसून पेपर तपासत होते.

त्याने आधी लेपाबद्दल चार गोष्टी विचारल्या. मग लिहिलं, "बाजूला काढलेल्या पत्र्याबद्दल थोडं बोलू या का?"

"झालं ते बोलून," ती पुटपुटली, पण तिने उत्तर दिलं.

त्याचं म्हणणं असं, की तुमच्या मांडणीत लेप आणि जागा या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्यात. खालचे पत्रे लेपामुळे वाचले की खाली असल्यामुळे वाचले, हे सांगणारा एकच साक्षीदार तुमच्याकडे होता, आणि तो तुम्ही घरी पाठवलात. कदाचित झाडांच्या सावलीमुळे खालची ओळ ओली होत नसेल.

हे वाचून आश्लेषाला हुरूप आला. "सावली म्हणे! अरे, सावलीत दव वाळत नाही, उलट जास्त गंजतं. दिवेआगर बघितलंयस का कधी?" तिने हेच जरा सभ्य भाषेत लिहिलं. त्याने लगेच कबूल केलं, की तुमचं बरोबर आहे, सावलीने गंज वाढायला हवा होता, माझा तर्क उलटा पडला. तिने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण ते थांबलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं:

"मग कोऱ्या पत्र्याचं कोडं अजून अवघड झालं. फोटोत आणखी एक गोष्ट दिसते. खालच्या ओळींतल्या प्रत्येक पत्र्यावर, टांगायच्या भोकाखाली, जवळजवळ त्याच जागी एक तांबूस ठिपका आहे. तुम्ही त्याची नोंद गंज म्हणून केली आहे. कोऱ्या पत्र्यावरही तो आहे, वरच्या ओळींत एकावरही नाही. गंज इतकी एकसारखी जागा निवडत नाही. तो काय आहे हे मला इथून सांगता येणार नाही. पण मधल्या काळात या पत्र्यांना कोणाचा हात लागला का, हे तिथे कोणाला तरी विचारायला हवं."

आश्लेषाने लॅपटॉप मिटला. इतका जोरात, की पलीकडे डबा खाणाऱ्या कमळ मॅडमनी दचकून वर पाहिलं.

"कोण हात लावणार तिथे? आई एकटी असते. तिला सांगितलंय मी, यातलं काही काढायचं नाही, हलवायचं नाही."

मी म्हटलं, "मग विचारायला काय जातं?"

"जातं," ती म्हणाली. "तुला कळत नाहीये काय जातं ते."

आठवडाभर तिने लॅपटॉप उघडला नाही. प्रबंधाची छपाई कुठे करायची याची चौकशी करत राहिली. वर्गावर गेली, पेपर तपासले, मुलांवर ओरडली. मग एका शुक्रवारी मला म्हणाली, "उद्या बोर्लीला येतेस का? तुला तुझ्या घरी सोडते." मी कशाला, म्हणून विचारलं नाही. एवढं शहाणपण मलाही आहे. देवव्रतची गाडी घेऊन आम्ही निघालो, आणि म्हसळा गेलं तरी ती गंजाबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोर्ली आलं तेव्हा मीच म्हटलं, "आधी दिवेआगर, मावशींना भेटते."

अंबिकामावशींनी पन्हं केलं होतं. पंच्याहत्तरीच्या बाई, पण वाडीत चपला न घालता फिरतात. वादळात ओटीचा वासा खांद्यावर पडला तेव्हापासून उजवा हात तेवढा अधू आहे. मला बघून म्हणाल्या, "बिल्किस, किती वाळलीस गो." मी वाळलेली नाही, पण त्या दर वेळी म्हणतात आणि मला दर वेळी बरं वाटतं.

पन्ह्याचा पेला खाली ठेवायच्या आत त्यांनीच विषय काढला. "आशू, पत्रे कसे राहिले तुझे?"

"खालचे चांगले राहिले, आई."

"राहणारच."

मग मीच विचारलं, "का हो मावशी, राहणारच का?"

"अगो, खंडेनवमीला पुजले ना मी!" मावशींचा चेहरा उजळला होता. "हे होते तेव्हा कोयता, पहार, पाण्याचा पंप, सगळं मांडून पुजायचे. हे गेल्यापासून मी पुजते. या खेपेला म्हटलं, लेकीची हत्यारं वाडीत उभी आहेत, ती कशी पारोशी ठेवायची सणाच्या दिवशी? काढू नको म्हणाली होतीस, म्हणून काढले नाहीत हो. हलवलेसुद्धा नाहीत. जागच्या जागी ओल्या फडक्याने पुसले, कोरडे केले, घरचं खोबरेल लावलं दोन्हीकडून."

"आणि कुंकू?" आश्लेषाने विचारलं.

"सुकं राहतं कुठे या वाऱ्याला? तेलात कालवून बोट टेकवलं एकेकाला."

"सगळ्यांना?"

मावशींनी उजवा हात वर केला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. "एवढाच जातो, आणि पूजा काही डाव्या हाताने करत नाहीत. खालच्या दोन ओळी केल्या. वरच्यांना लांबून अक्षता टाकल्या."

मला हसू आलं होतं, ते आश्लेषाच्या तोंडाकडे बघून जिरलं. ती रागावली नव्हती. तिने अगदी शांतपणे विचारायला सुरुवात केली. तेल कुठल्या घाण्याचं, किती घेतलं, बोटाने लावलं की फडक्याने, नंतर पुन्हा कधी लावलं का. मावशी उत्साहाने एकेक सांगत होत्या. लेकीला एवढ्या वर्षांनी देवधर्मात रस आला, याचा त्यांना आनंद झाला होता. मला तिथे बसवेना. मी पेले घेऊन मोरीवर गेले आणि स्वच्छ पेले पुन्हा धुतले.

मी बोर्लीला राहणार होते, पण राहिले नाही. तिला एकटीला गाडी चालवू द्यायची माझी तयारी नव्हती. माणगावला चहाला थांबलो तेव्हा तिने फोन काढला आणि सगळं एआयला लिहून कळवलं, कुंकवासकट. मी वाकून वाचत होते, तिने नाही म्हटलं नाही.

'मी म्हणत होतो ना' असं त्याने कुठे लिहिलं नाही, हे मला आवडलं. माझ्याकडून ते झालं नसतं. त्याने लिहिलं, की आता या पत्र्यांवरून तुमचा लेप चालतो असं म्हणता येत नाही, आणि चालत नाही असंही म्हणता येत नाही.

ती म्हणाली, मग तेलाचंच संशोधन झालं असं समजू का? निदान काहीतरी हाती लागेल. ते म्हणालं, तेलाने लोखंड वाचतं हे तुमच्या आईंना आधीपासून माहीत आहे. शिवाय तेल लावलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. भर पावसात ते टिकलं नसतं. यात नवीन काही दिसत नाही.

चहा निवला होता. मग तिने एक वाक्य लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. "हे मी कोणाला सांगितलं नाही तर कळेल का?"

उत्तर आलं: "बहुधा नाही कळणार. पण मग लेप चालतो की नाही, हेही तुम्हाला कळणार नाही."

तिने फोन पालथा ठेवला. "बघ," मला म्हणाली, "याला खोटं सांत्वनसुद्धा करता येत नाही."

"तूच सांगितलं होतंस, गोड बोलायचं नाही म्हणून."

"हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. भर दुपारी, टपरीवर, एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या देखत. मी तिला थोपटलं नाही, ते तिला चालत नाही. फक्त तिच्या आणि लोकांच्या मधे खुर्ची ओढून बसले.

सोमवारी तिने प्रज्योत सरांना सगळं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. सर वाईट माणूस नव्हेत, बाईंचं भलंच बघत होते. "मॅडम, एवढं कोण बघतंय? खंडेनवमीचं कुठे लिहिता? एक पत्रा तर आहे." आश्लेषा म्हणाली, "सर, एक नाही, खालचे सगळेच." ते बरंच बोलले. ती 'हो सर' म्हणत राहिली आणि शेवटी "नाही सर" म्हणाली.

जूनमध्ये मुदत संपली आणि तिचं नाव कमी झालं. आश्लेषा डॉक्टर झाली नाही. स्टाफरूममध्ये 'डॉक्टर' म्हणायची सवय मोडायला आम्हाला त्रास पडला; कोणी चुकून म्हणायचं आणि मग खोकायचं. प्राचार्यांनी जाहीर केलेलं मागे घेतलं नाही, नुसतं विसरले. देवव्रत मात्र मला म्हणाला, "बिल्किस, ती आता घरी आल्यावर गाणं गुणगुणते. मला भीती वाटते." मी म्हटलं, वाटू दे.

कारण घोडा पुन्हा उभा राहिला होता. विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही, मागे लागणारं कोणी नाही. मी विचारलं, "आता कशासाठी?" तर म्हणाली, "मला बघायचंय, चालतो की नाही." या खेपेला कुठला पत्रा कुठे टांगायचा ते तिने ठरवलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या डब्यात, आणि उचलायला मला लावल्या. ही युक्ती त्या यंत्राची, पण चिठ्ठ्यांना भाजीचा वास लागला त्याचं श्रेय माझं.

मग खंडेनवमी आली. आश्लेषाने सुट्टी टाकली. मला म्हणाली, "येतेस? मला एकटीला जमणार नाही." पुजेला माझा काय उपयोग, हे मी विचारलं नाही.

अंबिकामावशींनी सकाळीच तेलाची वाटी, फडकं, कुंकू काढून ठेवलं होतं. आश्लेषा त्यांना हाताला धरून घोड्यापाशी घेऊन गेली. खालच्या ओळीच्या शेवटी, बाकीच्यांपासून वीतभर लांब, तिने एक पत्रा जास्तीचा टांगला होता. मावशींचा हात सहज पोचेल असा. त्यावर खडूने 'आई' लिहिलं होतं.

"हा तुझा," ती म्हणाली. "याला पुसायचं, तेल लावायचं, कुंकू लावायचं. तुला हवं ते कर."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना काही नाही, आई. त्यांचा उपास आहे."

मावशींनी नऊ दिवसांचे उपास जन्मभर केलेले. त्यांनी लगेच मान हलवली. "कडक?"

"कडक. पाणीसुद्धा देवाचं पडेल तेवढंच."

"कधी सुटायचा?"

"होळी झाली की."

मावशींनी तो एक पत्रा मन लावून पुसला, दोन्ही बाजूंनी तेल लावलं, बोट टेकवलं. बाकीच्यांना अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत. मग वाटी हातात तशीच धरून त्या रांगेकडे बघत उभ्या राहिल्या. मी तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघेनात.

"आशू," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी त्यांचा उपास मोडला होता का गो?"

"छे," आश्लेषा म्हणाली. "गेल्या वर्षी उपास नव्हताच, आई."

पत्र्यांबद्दल खोटं बोलायला जिची जीभ वळली नव्हती, ती बाई किती पटकन बोलली. मला तिच्याबद्दल इतकं वाटलं, की मी समुद्राकडे तोंड फिरवलं.

मावशी "बरं" म्हणाल्या. मग चार पावलं मागे सरकल्या, पत्र्यांपासून लांब, आणि तेलाचा हात पदराला पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.